परत 'दोन आठवडे'
परभणीहून रात्रीच्या लालपरीनं निघायचं, सकाळी हायकोर्टाबाहेर चहा मारून बोर्डावर आपला नंबर शोधायचा, आणि चार वाजता नंबर लागला की सरकारी वकील साहेब उठून म्हणणार, खात्याकडून इन्स्ट्रक्शन्स घ्यायच्यात, दोन आठवडे द्या. मिळतात बी लगेच! आमच्या वकिलानं मागितली तारीख तर लगेच कपाळाला आठ्या. भरतीची केस हाय राव, ओपनला वयाची अट 38, मला 37 चालू, वय काय ह्यांच्या जबाबासाठी थांबायलंय का? घटनेच्या कलम 217 मध्ये 10 वर्षं हायकोर्टात वकिली झाली की हायकोर्टाचा जज व्हायला पात्र, आन् सरकारी वकिलातलेच कितीतरी पुढं त्या खुर्चीत बसतात, मग शब्दाला वजन येणारच की. घरी बाप विचारायलाय, काय झालं रे?
काय सांगू, तारीख झाली.