खुलासा: ‘असिंक’ लावलं म्हणून काम दुसऱ्या थ्रेडवर जात नाही

नोड.जेएस म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली. ‘नोड.जेएसमध्ये फंक्शनपुढे असिंक हा शब्द लावा, जड काम आपोआप दुसऱ्या थ्रेडवर (कामाच्या स्वतंत्र प्रवाहावर) जातं आणि सर्व्हर अडकत नाही,’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. त्यावर विसंबलेले सर्व्हर ऐन गर्दीत ठप्प होतात, म्हणून हे स्पष्टपणे लिहितो आहे.

असिंक फंक्शन पहिल्या अवेटपर्यंत (निकालाची वाट पाहायला सांगणाऱ्या शब्दापर्यंत) साध्या फंक्शनसारखंच मुख्य थ्रेडवर चालतं; अवेटनंतरचा कोडही तिथेच चालतो. आत दोन सेकंद चालणारं लूप असेल, तर तेवढा वेळ इव्हेंट लूप (आलेली कामं एकामागून एक हाती घेणारी नोडची यंत्रणा) थांबतो आणि आलेली प्रत्येक रिक्वेस्ट ताटकळते. भलंमोठं जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) पार्स करतानाही हेच होतं, आणि तिकडे तर कुणाचं लक्षच जात नाही.

मुख्य थ्रेडच्या बाहेर जातं ते मुख्यतः वाट पाहण्याचं काम. सॉकेटवर, म्हणजे नेटवर्क जोडणीवर, लक्ष ठेवायला लिबयूव्ही ही नोडमधली लायब्ररी ऑपरेटिंग सिस्टिमची मदत घेते, लिनक्सवर ईपोल या सुविधेची. असिंक्रोनस पद्धतीने फाइल वाचणं मात्र थ्रेड पूलमध्ये, म्हणजे लिबयूव्हीच्या राखीव थ्रेड्सच्या गटात होतं, आणि त्यात मुळात 4च थ्रेड असतात.

जड गणितासाठी वर्कर थ्रेड्स आहेत. 2018 मध्ये 10.5 आवृत्तीत ते प्रथम आले. ते आपण स्वतः सुरू करावे लागतात.