‘पेप्टाइड शरीरातलंच असतं, टोचायला काय हरकत?’

सांगलीतल्या जिम आणि तालमींच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्या भाच्यानं तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, तू लॅबमध्ये हेच करायचास ना? घेऊ का?” दोन महिने झाले, त्याचा गुडघा दुखतोय. मेसेजचं म्हणणं असं : बीपीसी-१५७ नावाचं पेप्टाइड टोचून घ्या, ते शरीरातलंच आहे म्हणून अपाय नाही, ९९ टक्के शुद्ध आहे, लिगामेंट आठवड्यात भरतं आणि डोपिंगमध्ये येत नाही. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची, लहान साखळी. पंधरा वर्षं मी लॅबमध्ये पेप्टाइडच बनवली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“शरीरातलंच आहे, अपाय नाही.” इन्सुलिनही शरीरातलंच आहे, ५१ अमिनो आम्लांचं. डोस चुकून जास्त गेला तर माणूस दगावतो. विषारी अळंबीतलं अमानिटिन तर अवघ्या आठ अमिनो आम्लांचं पेप्टाइड आणि पूर्ण नैसर्गिक. ते यकृत निकामी करतं. पेप्टाइड म्हटल्यावर रचना कळते, गुण कळत नाही.

“९९ टक्के शुद्ध, रिपोर्ट सोबत.” या मुद्द्यावर मला जास्त बोलायचंय, कारण माझी सगळी उमेद इथेच खर्ची पडली.

१९६३ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ ब्रूस मेरिफिल्ड यांनी दाखवलेल्या पद्धतीनं आजही आम्ही पेप्टाइड बांधतो. काचेच्या नळीत रेझिनचे बारीक मणी भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखे फुगतात. त्यांच्यावर एक अमिनो आम्ल जोडायचं, धुवायचं, मग चार मणी काढून निनहायड्रिन नावाचं रसायन घालून तापवायचे. मणी निळे झाले की समजायचं, जोडणी अर्धवट राहिली. रात्री साडेअकराला निळे मणी बघून तीच जोडणी पुन्हा लावल्याच्या कितीतरी रात्री आठवतात. त्यात प्रोलिन हे अमिनो आम्ल आलं की ही चाचणी फसते, निळा रंग येतच नाही. बीपीसी-१५७ मधल्या १५ अमिनो आम्लांत प्रोलिन चार वेळा येतं, त्यातलं तीनदा लागोपाठ.

आता हिशेब बघा. प्रत्येक जोडणी ९९ टक्के साधली तरी १४ जोडण्यांनंतर अचूक साखळी साधारण ८७ टक्केच मिळते. बाकी सगळ्या कुठलं ना कुठलं अमिनो आम्ल गळालेल्या साखळ्या, मणी गळालेल्या माळेसारख्या. त्या मूळ साखळीसारख्याच दिसतात, वागतातही तशाच. त्या वेगळ्या काढणं हेच खरं काम आणि पैसा तिथंच जातो.

रिपोर्टवरचे ९९ टक्के बहुधा एचपीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखातले असतात. त्यातून पावडरीतलं पाणी आणि क्षार किती ते कळत नाही. जंतूंची विषं आहेत का, बाटली निर्जंतुक आहे का, तेही कळत नाही. आपल्या तासगावची द्राक्षं युरोपला जायची तर रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फवारणीच्या अंशांचा रिपोर्ट, त्याच बागेचा लागतो. इथं मात्र भाच्यानं पाठवलेल्या फोटोत बाटलीवरचा बॅच नंबर वेगळा आणि रिपोर्टवरचा वेगळा.

शुद्धतेनं काय फरक पडतो ते १९२२ साली टोरांटोत दिसलं. ११ जानेवारीला मधुमेहानं आजारी असलेल्या १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचा अर्क टोचला. अर्क अशुद्ध होता. मुलाला त्रास झाला, उपचार थांबवावे लागले. तिथले जीवरसायनशास्त्रज्ञ कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा टोचला आणि पोरगा सावरला.

“लिगामेंट आठवड्यात भरतं.” हे निष्कर्ष मुख्यतः उंदरांवरचे आहेत. माणसांवरचे अभ्यास मोजके आणि लहान. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं याला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही.

“डोपिंगमध्ये येत नाही.” साफ खोटं. २०२२ पासून बीपीसी-१५७ वाडाच्या, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत नावानिशी आहे. पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोराला हे कुणी सांगत नाही, याचा मला संताप येतो.

गुडघा दुखत असेल तर मिरजेत हाडांचे डॉक्टर आहेत, सांगलीहून अर्ध्या तासाचा रस्ता. कुणी आधीच टोचून घेतलं असेल तर लाजू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि बाटली सोबत न्या. भाच्याला मी शुक्रवारी घेऊन चाललोय.