मोबाईल हातात आहे म्हणून विषय शिकायची गरज नाही?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार, आधीच सांगते.

ताईला रजा मिळाली नाही म्हणून भाच्याच्या शाळेत अकरावीच्या विषय निवडीच्या मीटिंगला मी गेले होते. त्याला डिजिटल टेक्नॉलॉजी घ्यायचाय, घरात कोणाची हरकत नाही, म्हटलं सही करू आणि निघू. तर विषयांबद्दल सल्ला द्यायला जे गृहस्थ बसले होते ते फॉर्म बघून म्हणाले, "हा कशाला? ही मुलं मोबाईल घेऊनच जन्माला आलीत, त्यांना वेगळं काय शिकवायचं? आणि आता कोड तर एआयच लिहितो." भाच्याच्या तोंडावर! मागच्या खुर्चीवरच्या एक बाई लगेच आपल्या मुलीला म्हणाल्या, ऐकलंस ना, खोड तो. आणि त्या मुलीने खोडला, काही न बोलता, पेनने आडव्या रेघा मारून.

मी तिथे बोलले, पण मागे रांग होती, किती बोलणार. उरलेलं इथे बोलते.

याचीच मोठी बहीण, माझी भाची, हा विषय घेऊन बारावी झाली. तिचा प्रोजेक्ट मी घरात बसून बघितलाय, म्हणून माझं इतकं डोकं फिरतं. शाळेच्या लायब्ररीत पुस्तकांची नोंद रजिस्टरमध्ये व्हायची, तिने ठरवलं याचं सॉफ्टवेअर करायचं. मुलाचं नाव, पुस्तकाचं नाव, नेल्याची तारीख, झालं. दिसायला इतकं सोपं. पहिल्या काही दिवसांतच एक मुलगी रडत लायब्ररीत आली, की मी नेलेलीच नाहीत ती पुस्तकं माझ्या नावावर थकलेली दिसतायत. शोधल्यावर कळलं की एकाच वर्गात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन मुली आहेत आणि भाचीच्या टेबलमध्ये, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, त्या दोघींची मिळून एकच मुलगी झालीये. मग तिला सरांनी प्रायमरी की समजावली, म्हणजे प्रत्येक मुलाला असा एक नंबर द्यायचा जो दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 मध्ये डेटाची अशी टेबलं करून ती एकमेकांना कशी जोडायची ते मांडलं, आणि आज तुमच्या बँकेच्या खात्यापासून रिझर्वेशनपर्यंत बहुतेक सगळं त्याच कल्पनेवर चालतंय. माझ्या भाचीला ती कल्पना कोणाच्या तरी डोळ्यातलं पाणी बघून कळली. ती आता आयुष्यभर विसरणार नाही. आणि हे म्हणे मोबाईल वापरून आपोआप येतं!

मोबाईल वापरून काय येतं ते सांगू का, मोबाईल वापरता येतो. बस. बोट कुठे दाबायचं ते कळतं, दाबल्यावर आत काय होतं, आपली कुठली माहिती कुठे जाते, कोण ती साठवतं, यातलं काहीही कळत नाही, आणि मोठमोठ्या डिग्र्या घेतलेल्या आपल्या मित्रमंडळींनाही कळत नाही, राग मानू नका.

परत लायब्ररीवर येते. तारखा तिने साध्या मजकुरासारख्या भरल्या होत्या, दिवस आधी, मग महिना. यादी लावायला सांगितली की 10 तारीख 2 तारखेच्या आधी यायची. ही अख्खी संध्याकाळ स्क्रीनकडे बघत बसलेली, कॉम्प्युटर वेडा झालाय म्हणत. वेडाबिडा काही नाही, मजकूर म्हणून बघितलं तर तो डावीकडून एकेक अक्षर तपासतो, 1 हा 2 च्या आधी येतो, पुढे काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. तारखा वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने आणि एक आकडी महिन्याआधी आणि दिवसाआधी शून्य लावून लिहिल्या की मजकूर म्हणून लावल्या तरी बरोबर लागतात, तसं आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच आहे, आयएसओ 8601. हे तिचं तिने शोधून काढलं आणि रात्री मला फोन करून सांगितलं. सांगताना आवाज असा होता की मलाच भरून आलं. मशीन आपल्या मनातलं ओळखत नाही, आपण जे लिहिलं तेच करतं, ही गोष्ट सोळा-सतराव्या वर्षी अंगवळणी पडणं किती मोठं आहे!

बरं, आता एआय. हो, लिहितो एआय कोड, चांगला लिहितो, मान्य. पण काय लिहायचं ते कोण सांगणार? भाचीच्या प्रोजेक्टमध्ये एक दिवस असा होता की लायब्ररीच्या बाईंना ते वापरायला द्यायचं आणि हिने शेजारी नुसतं उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही, फक्त बघून वहीत लिहायचं. सरांची सक्त ताकीद. तर काय दिसलं, बाईंच्या डाव्या हातावर परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा असतो, त्या एकाच हाताने टाइप करतात, चष्मा कपाळावर ढकललेला असतो, आणि हिच्या स्क्रीनवर चार रकाने भरायचे आणि मग कोपऱ्यातलं बारीकसं बटण दाबायचं. बाईंनी थोडा वेळ प्रयत्न केला आणि सरळ रजिस्टर पुढे ओढलं. भाची म्हणते पोटात गोळा आला. पण पुढच्या आठवड्यात तिने सगळी स्क्रीन बदलली, एकच मोठा रकाना, नंबर टाका, एंटर दाबा, संपलं. त्या काउंटरपाशी उभं राहून बाईंचा डावा हात कोणत्या एआयने बघितला होता?

आणि आयता कोड उचलायचा तर वाचता यायला नको का? 1996 मध्ये एरियन 5 हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात मिनिटभराच्या आत फुटलं. कारण काय, तर आधीच्या एरियन 4 मधला कोड तसाच घेतला होता, आणि 64 बिटचा, म्हणजे 64 शून्य-एकांत साठवलेला, आकडा 16 बिटच्या जागेत बसवायला गेले, नवीन रॉकेटचा वेग जास्त, आकडा मोठा आला, बसला नाही. जुन्या रॉकेटमध्ये तो कोड नीट चालत होता हो! तो दुसरीकडे चालेल का हे विचारणारं माणूस लागतं, आणि तो प्रश्न ज्याने स्वतः कधी काही करून, मोडून, दुरुस्त केलंय त्यालाच पडतो.

हां, आता तुमच्यातले काही म्हणतील की बऱ्याच युनिव्हर्सिट्या कॉम्प्युटर सायन्सच्या प्रवेशालाही हा विषय मागत नाहीत, गणित मागतात. खरं आहे. घ्या की गणित, नको कोण म्हणतंय. काही शाळांत हा विषय वेळ उरलेल्या कुठल्याही शिक्षकाच्या गळ्यात मारतात आणि मुलं वर्षभर व्याख्या उतरवून काढतात, हेही खरं. मग भांडायचं कशासाठी, चांगला शिक्षक द्या म्हणून की विषयच खोडा म्हणून?

अजून एक, जे मला स्वतःला सगळ्यात जास्त भिडलं. भाचीने हौसेने एक यादी केली होती, कोणाकडे कुठलं पुस्तक किती दिवस थकलंय, आणि ती लायब्ररीच्या दारातल्या स्क्रीनवर लावणार होती. सरांनी फक्त एवढंच विचारलं, एखाद्या मुलाने आजारावरचं पुस्तक नेलं असेल, किंवा घरी आईवडील वेगळे होतायत म्हणून त्यावरचं नेलं असेल, तर ते सगळ्या शाळेला कळायला हवं का? तिने यादी काढून टाकली, आणि कोण काय बघू शकेल त्याचे वेगळे लॉगिन केले. मोठमोठ्या कंपन्यांमधल्या लोकांना हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला असता तर बरं झालं असतं असं मला फार वाटतं.

ती खोडणारी मुलगी काही डोळ्यासमोरून जात नाहीये. 1946 मध्ये एनियाक हा अगदी सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर जगासमोर आला तेव्हा त्याचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहा बायका होत्या, केबल्स जोडून आणि स्विच फिरवून करायच्या, मॅन्युअलसुद्धा नव्हतं हातात. आणि इतक्या वर्षांनी एक मुलगी आपल्या हाताने भरलेला विषय कोणाच्या तरी एका वाक्यावर खोडते. तिच्या आईवर मी आता चिडत नाही, घाबरल्या असतील, पोरीचं वर्ष वाया जाईल असं वाटलं असेल. समोर सल्ला द्यायला बसलेला माणूस म्हणतोय म्हटल्यावर कोण काय करणार. त्या खुर्चीत बसणाऱ्याने मात्र निदान एकदा त्या वर्गात जाऊन बसायला हवं होतं.

भाच्याने विषय ठेवलाय. त्याला तो का हवाय ते सांगते, बहिणीने एकदा त्याला म्हटलं, 1 ते 1000 मधला कुठलाही आकडा मनात धर, मी दहा प्रश्नांत ओळखते, आणि दरवेळी ओळखला. प्रत्येक प्रश्नाला निम्मे आकडे बाद करायचे, इतकंच. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः प्रोग्रॅम लिहिला.

आता कामाचं. त्यांच्या सरांना मुलांचे प्रोजेक्ट वापरून बघायला शाळेबाहेरची माणसं हवी असतात, कॉम्प्युटर अजिबात न कळणारी असली तर जास्तच चांगलं. तासभर बसायचं, जे जमत नाही ते जमत नाही म्हणायचं, मुलगा शेजारी लिहून घेतो. मी नाव दिलंय. अजून कोणी येणार असेल तर मला मेसेज करा, आई-बाबांना घेऊन आलात तरी चालेल.