‘आयएनजी म्हणजे नुसती सजावट’? मुळीच नाही

“युक्रेनियन भाषेत वर्तमानकाळ एकच आहे. मग इंग्रजीतही एकच शिका. सिंपल प्रेझेंट पुरे, क्रियापदाच्या शेवटचं आयएनजी (‘वर्किंग’मधलं) म्हणजे नुसती सजावट.” असं सांगणारा एक व्हिडिओ डब्लिनमधल्या युक्रेनियनांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गातल्या एका बाईंनी तो मला पाठवला आणि विचारलं, मग आपण एवढे दिवस आयएनजी कशाला घोटतोय?

त्यांच्या भाषेत ‘या चितायू’ म्हणजे ‘मी वाचते’ आणि ‘मी वाचतेय’, दोन्ही. तेवढं खरं आहे. आपल्याला करतो-करतोय हा फरक घरातूनच मिळतो, त्यांना तो मिळत नाही. म्हणून तर तो जास्त शिकवायला हवा! गाळायचा कसला?

या बाई खार्किवला अकाउंटंट होत्या, इथे सध्या हॉटेलातल्या खोल्या साफ करतात. मुलाखतीत ‘आय वर्क ॲज अ क्लीनर’ एवढंच म्हटलं, तर समोरचा हाच त्यांचा कायमचा पेशा धरतो. ‘आय ॲम वर्किंग ॲज अ क्लीनर’ म्हटलं की हे तात्पुरतं आहे, हे त्याला तिथल्या तिथे कळतं. युक्रेनियनमध्ये दोन्हीकडे एकच ‘प्रात्स्यूयू’. म्हणजे हा व्हिडिओ ज्याला सजावट म्हणतो, त्यावर एका बाईची अकाउंटंट म्हणून पंधरा वर्षांची नोकरी समोरच्याला दिसणार की नाही हे ठरतं. केंब्रिजचं मर्फीचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ हे व्याकरणाचं पुस्तक उघडून बघा. पहिला धडाच चालू वर्तमानकाळाचा, दुसरा साध्याचा आणि पुढचे दोन फक्त या दोघांतल्या फरकाचे. तात्पुरतं आणि कायमचं हा भेद तिथे उदाहरणांसकट दिलाय.

व्हिडिओ पुढे म्हणतो, ‘ॲम-इज-आर गाळलं तरी चालतं.’ अर्थ लागतो, हो. पण ‘आर यू वर्किंग?’ असा प्रश्न विचारताना वाक्याच्या सुरुवातीला आणायचं काय?

आणखी एक दावा, ‘तिसऱ्या पुरुषातला एस (‘शी वर्क्स’मधला) युक्रेनियनांना जमत नाही.’ चितायू (मी), चितायेश (तू), चिताये (तो-ती) असं प्रत्येक पुरुषाला क्रियापद बदलणाऱ्या माणसांना एक अक्षर जड जाईल?

नो (जाणणे), वाँट, बिलीव्ह या क्रियापदांना सहसा आयएनजी लागत नाही, हा व्हिडिओतला मुद्दा बरोबर आहे. पण ती यादी छोटी आहे. तिच्या जोरावर बाकीची सगळी क्रियापदं कशी मोडीत काढता?

आणि ‘तीन वर्षं इथे राहते’ याचं व्हिडिओच्या हिशोबाने ‘आय लिव्ह हिअर थ्री इयर्स’ होतं. चूक. तिथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. ते मी पुढच्या आठवड्यात घेणार होते, आता उद्याच घेते.