‘काढू नका, उत्तर द्या’: हा युक्तिवाद कुठे टिकतो, कुठे नाही

सध्या फिरणारा युक्तिवाद थोडक्यात असा आहे: "द्वेषाचा किंवा अतिरेकी मजकूर प्लॅटफॉर्मने काढणं ही सेन्सॉरशिप आहे. वाईट बोलण्यावर उतारा म्हणजे आणखी बोलणं. काढलं की ते लोक भूमिगत होतात आणि जास्त कडवे होतात. मशीनला संदर्भ कळत नाही, भलत्यांचंच तोंड बंद होतं. ज्याला त्रास होतो त्याने ब्लॉक करावं. गुन्हा असेल तर पोलीस आहेतच." सहा मुद्दे आहेत आणि त्यातले निदान दोन बऱ्याच अंशी खरे आहेत. गडबड आहे ती शेवटच्या उडीत: ‘म्हणून काहीच काढू नका’.

"ही सेन्सॉरशिप आहे"

काहीच न काढणारा मोठा प्लॅटफॉर्म अस्तित्वात नाही. स्पॅम, बनावट लॉटऱ्या, पासवर्ड चोरणाऱ्या लिंका रोज काढल्या जातात आणि त्याबद्दल कोणी गळा काढत नाही. शिवाय फीडमध्ये वर काय आणि खाली काय, हे कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं. त्यामुळे खरा प्रश्न ‘नियम असावा का’ हा नाही. नियम कोणता आणि तो कोणाला विचारून लावला, हा आहे.

कायद्याचं बोलायचं तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकेतली पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, कंपनीला नाही. तिथल्याच १९९६च्या कायद्यातलं कलम २३० प्लॅटफॉर्मला सद्भावनेने मजकूर काढण्याची मोकळीक स्पष्टपणे देतं. पण एवढ्यावर समाधान मानू नये. मोजक्या कंपन्यांच्या हाती एवढी मोठी सार्वजनिक जागा असणं ही खरोखरच काळजीची बाब आहे.

म्हणूनच निकष बाहेरून यावेत हे बरं. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम २० (२) सांगतं की भेदभाव, वैर किंवा हिंसेला चिथावणी देणारा राष्ट्रीय, वांशिक वा धार्मिक द्वेष कायद्याने निषिद्ध असावा. ही चिथावणी ओळखायची कशी, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या २०१२च्या रबात कृती आराखड्यात सहा कसोट्या आहेत: संदर्भ, बोलणाऱ्याचं स्थान, हेतू, आशय व मांडणी, प्रसार आणि प्रत्यक्ष हानीची शक्यता. ‘यांना गावातून हाकला’ हे वाक्य वीस जणांच्या ग्रुपमध्ये कोणी रागाने टाकलं, तर सहापैकी बहुतेक कसोट्यांवर ते गळून पडतं. दंगल पेटलेली असताना लाखो अनुयायी असलेल्या पुढाऱ्याने तेच लिहिलं, तर सहाही कसोट्या एकाच दिशेला बोट दाखवतात. या कसोट्या मुळात फौजदारी शिक्षेसाठी आहेत, त्यामुळे त्यांचा उंबरठा उंच आहे. प्लॅटफॉर्म त्याहून खालचा उंबरठा ठेवू शकतो, मात्र तो आधी जाहीर केलेला हवा.

"उतारा म्हणजे आणखी बोलणं"

या विचाराचं सर्वांत गाजलेलं रूप अमेरिकी न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्या १९२७च्या ‘व्हिटनी विरुद्ध कॅलिफोर्निया’ खटल्यातल्या मतात आहे. गंमत अशी की उद्धृत करताना त्यातली अट गाळली जाते. खोटेपणा चर्चेने उघड करायला वेळ असेल, तर उपाय आणखी बोलणं हा, असं ते मत आहे. आणीबाणीच्या प्रसंगाला त्यांनी स्वतःच अपवाद केलं होतं.

वेळ नसणं म्हणजे काय, याचं उदाहरण १५ मार्च २०१९चं न्यूझीलंडमधलं ख्राइस्टचर्च. मशिदींवरच्या त्या हल्ल्यात ५१ जण मारले गेले आणि हल्लेखोराने फेसबुकवर १७ मिनिटं थेट प्रक्षेपण केलं. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार प्रक्षेपण चालू असताना ते २००पेक्षा कमी लोकांनी पाहिलं आणि त्यातल्या एकानेही रिपोर्ट केलं नाही. पहिला रिपोर्ट सुरुवातीपासून २९ मिनिटांनी, म्हणजे प्रक्षेपण संपून १२ मिनिटं झाल्यावर आला. मूळ व्हिडिओ काढेपर्यंत सुमारे ४,००० वेळा पाहिला गेला होता. पुढच्या २४ तासांत १५ लाख प्रती काढाव्या लागल्या, त्यातल्या १२ लाख अपलोड होतानाच अडवल्या गेल्या. उरलेल्या ३ लाख आधी आत आल्या, मग काढल्या गेल्या. याला कोणत्या शब्दांत ‘उत्तर’ देणार?

अशा प्रती अडवायला हॅश वापरतात, म्हणजे चित्राचा किंवा व्हिडिओचा आकड्यांतला ठसा. साधा हॅश इथे कुचकामी ठरतो, कारण फाइलमधला एक बिट (० किंवा १ असा सर्वांत छोटा अंश) बदलला तरी तो पूर्ण बदलतो. म्हणून दृश्य साम्यावर चालणारे हॅश असतात. फेसबुकने २०१९मध्ये खुला केलेला ‘पीडीक्यू’ हा २५६ बिटांचा आहे. दोन ठशांमध्ये साधारण ३१ बिटांपर्यंत फरक असला तरी चित्र तेच मानलं जातं. आकार बदलला, दर्जा घसरला तरी तो ओळखतो. कडा बऱ्याच कापल्या, चित्र तिरकं केलं किंवा स्क्रीनवर चाललेला व्हिडिओ दुसऱ्या फोनने टिपला, की मात्र फसतो. ख्राइस्टचर्चच्या व्हिडिओची ८००हून अधिक वेगवेगळी रूपं सापडली ती अशाच बदलांमुळे. शेवटी आवाजावरून जुळणी करावी लागली.

ज्या द्वेषाला उत्तर द्यायला वेळ असतो, तिथेही एक पेच आहे. फेसबुकच्या क्रमवारीत २०१७पासून रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन होतं. पुढे ते टप्प्याटप्प्याने कमी करत सप्टेंबर २०२०मध्ये शून्यावर आणलं गेलं. कमेंटही लोकांचा प्रतिसाद म्हणूनच मोजली जाते, मग ती विरोधाची का असेना. म्हणजे द्वेषाच्या पोस्टखाली तावातावाने लिहिलेलं खंडन तिलाच वर ढकलतं. उत्तर द्यायचंच असेल तर वेगळी पोस्ट लिहावी आणि मूळ पोस्ट शेअर न करता तिच्यातला दावा आपल्या शब्दांत मांडावा.

"काढलं की भूमिगत होतात, कडवे होतात"

हा मुद्दा अर्धा खरा आहे आणि यावर मोजमाप झालेलं आहे. रेडिट या चर्चा-समूहांच्या साइटने २०१५मध्ये लठ्ठ व्यक्तींची टवाळी करणारा आणि कृष्णवर्णीयांविरुद्धचा असे दोन कुप्रसिद्ध समूह बंद केले. १० कोटींहून अधिक पोस्ट व कमेंट तपासणाऱ्या २०१७च्या अभ्यासात दिसलं की त्यातली बरीच अकाउंट रेडिट सोडून गेली. जी राहिली त्यांच्या लिखाणातली द्वेषाची भाषा निदान ८० टक्क्यांनी घटली. ती घाण शेजारच्या समूहांत पसरेल ही भीतीही खरी ठरली नाही.

दुसरी बाजू २०२१च्या एका अभ्यासात आहे. रेडिटवरून हटवलेल्या दोन समूहांनी स्वतःच्या वेबसाइट काढल्या. तिथे सदस्य आणि लिखाण दोन्ही घटलं. पण त्यातल्या राजकीय समूहात उरलेल्यांची भाषा जास्त विखारी झाली.

हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. हटवल्याने नव्या माणसाची वाट लांब होते आणि आतला गाभा अधिक कडक होतो. भरती मोठ्या प्लॅटफॉर्मवर होते. गाभ्याकडे लक्ष ठेवणं हे तपास यंत्रणांचं काम आहे. त्यांची सोय म्हणून भरतीचं दार उघडं ठेवा, हे म्हणणं पटण्यासारखं नाही.

शिवाय काढणं हे एकमेव हत्यार नाही. शिफारशीतून वगळणं, शेअरचं बटण बंद करणं, इशारा लावणं, ठरावीक मुदतीसाठी प्रक्षेपणाची मुभा काढून घेणं, या पायऱ्या त्याआधी येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तर कंपनीला मजकूर वाचताच येत नाही. तिथे एप्रिल २०२०मध्ये वारंवार पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल अशी मर्यादा घातली गेली आणि असे संदेश सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं. त्यासाठी एकही शब्द पुसावा लागला नाही.

"मशीनला संदर्भ कळत नाही"

हे खरं आहे, आणि समजतात त्याहून गंभीर आहे. गणित करून पाहा. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. दिवसाला १० कोटी पोस्ट, हजारात एक द्वेषाची, म्हणजे १ लाख. प्रणाली त्यातल्या ९५ टक्के पकडते आणि निर्दोष पोस्टपैकी फक्त १ टक्क्यावर चुकते. ऐकायला उत्तम. प्रत्यक्षात ९५ हजार योग्य पकडल्या जातात आणि जवळजवळ १० लाख निर्दोष अडकतात. एका योग्य पोस्टमागे दहा चुकीच्या. चुकीचं प्रमाण ०.१ टक्क्यावर आणलं तरी बरोबर आणि चूक जवळपास समसमान येतात.

यातून ‘मशीन नको’ असं निघत नाही, ‘मशीनचा शब्द शेवटचा नको’ असं निघतं. म्हणून दोन उंबरठे ठेवतात. अगदी खात्रीचं, म्हणजे ओळखीच्या व्हिडिओचा जुळलेला हॅश, ते आपोआप अडवायचं. मधलं सगळं माणसापुढे जातं आणि त्या रांगेचा क्रम वेळेवर नव्हे, तर पसरण्याचा वेग आणि संभाव्य हानी यांवर लावायचा. दहा जणांनी पाहिलेली तीन दिवस जुनी शिवी थांबू शकते, तासाला हजारांत पसरणारी चिथावणी नाही.

शब्दांच्या याद्यांनी तर फारच घोळ घातले आहेत. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या नियमांत ‘शहीद’ हा शब्द घातक ठरवलेल्या व्यक्तीसाठी वापरला की पोस्ट काढली जाई. बातमी आहे, टीका आहे की गौरव, हे पाहिलंच जात नसे. हा सरसकट नियम सोडा, अशी शिफारस कंपनीच्याच ओव्हरसाइट बोर्डाने (मजकुराबाबतचे निर्णय तपासणाऱ्या मंडळाने) मार्च २०२४मध्ये केली.

पण चुकीची दुसरी जात या युक्तिवादात येतच नाही: जे काढायला हवं होतं ते राहून जाणं. म्यानमारमध्ये २०१५च्या सुरुवातीला बर्मी भाषेतल्या तक्रारी पाहणारी फेसबुककडे फक्त दोन माणसं होती. तिथे युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानक पद्धतीऐवजी झॉजी नावाची वेगळी फाँट-पद्धत सर्रास चाले, त्यामुळे मशीनला मजकूर धड वाचताच येत नसे. एका खास समाजाला दिसेल तिथे मारा असं सांगणाऱ्या पोस्टचं भाषांतर फेसबुकच्या साधनाने ‘म्यानमारमध्ये मला इंद्रधनुष्य नसावं’ असं केलं होतं. आपला प्लॅटफॉर्म हिंसेला चिथावण्यासाठी वापरला जाऊ नये म्हणून पुरेसं केलं नाही, हे कंपनीने नोव्हेंबर २०१८मध्ये मान्य केलं.

चुकून काढलेलं परत येण्याची वाटही हवी. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टनुसार प्लॅटफॉर्मला काढण्याचं कारण, लावलेला नियम आणि निर्णयात मशीन वापरलं का, हे लेखी कळवावं लागतं. तक्रारीला निदान सहा महिने मुदत असते आणि तिचा निकाल निव्वळ मशीनवर सोडता येत नाही. ‘समुदाय नियमांचं उल्लंघन’ एवढ्या तीन शब्दांची नोटीस म्हणजे नोटीस नव्हे.

"ब्लॉक करा"

ब्लॉकने फक्त तुमची स्क्रीन स्वच्छ होते. कोणी तुमचा पत्ता टाकून ‘घरी जाऊन धडा शिकवा’ असं लिहिलं असेल, तर ते तुम्हाला सोडून बाकी सगळ्यांना दिसत राहतं. या मुद्द्यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

"गुन्हा असेल तर पोलीस आहेत"

आहेतच. पण प्रत दर मिनिटाला पसरते आणि आदेश यायला दिवस जातात. युरोपच्या दहशतवादी मजकुराविषयीच्या नियमात (२०२१/७८४) आदेश मिळाल्यावर एका तासात मजकूर काढण्याची सक्ती आहे ती त्यामुळेच. त्यातच दुसरी तरतूद आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही: काढलेला मजकूर आणि संबंधित माहिती सहा महिने जपून ठेवायची.

ही तरतूद नसली की काय होतं ते २०१७मध्ये दिसलं. यूट्यूबच्या नव्या स्वयंचलित छाननीत सीरियातल्या युद्धगुन्ह्यांचे व्हिडिओ मोठ्या संख्येने उडाले. साक्षीदारांनी जिवावर उदार होऊन टिपलेले व्हिडिओ अतिरेकी प्रचारासोबत वाहून गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातला कमांडर महमूद अल-वर्फली याच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं, तेव्हा सोशल मीडियावर टाकलेले हत्यांचे व्हिडिओ हा त्यातला महत्त्वाचा आधार होता. म्हणून ‘काढणं’ याचा अर्थ लोकांच्या नजरेआड करणं एवढाच असावा. मूळ फाइल, तिचा हॅश, अपलोडची वेळ, अकाउंटचा ओळखक्रमांक, खालच्या कमेंट हे सगळं मोहोरबंद ठेवायचं आणि ते कोणी, कधी उघडलं याची नोंद ठेवायची. नुसता स्क्रीनशॉट न्यायालयात फार काळ टिकत नाही.