तिला खुर्चीवरनं उठवलं

बायकोला विचारूनच लिहितोय. "लिहा, पण माझं नाव नको," म्हणाली.

आज तिची दाढ काढायला गेलो होतो. फॉर्मवर तिनं खरं ते लिहिलं: एचआयव्ही आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरनं खुर्चीवरनं उठवलं आणि "मोठ्या दवाखान्यात जावा" म्हणाला. तोंड उघडून बघितलंसुद्धा नाही!

डॉक्टरलाही भीती असते, मान्य. पण हातमोजे आणि निर्जंतुक हत्यारं सगळ्याच पेशंटना लागतात ना? 2017 चा कायदा आहे, 2018 पासून लागू आहे. एचआयव्हीमुळं उपचार नाकारता येत नाहीत. मी बोलणारच होतो, तिनं हात धरून बाहेर आणलं.

तिच्या रक्तातला विषाणू आता तपासणीत सापडत नाही, इतका कमी झालाय. तो तसाच राहिला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मी निगेटिव्ह आहे. आम्ही एका ताटात जेवतो. आणि हा शिकलेला माणूस लांब सरकतो!

मला राहून राहून गडहिंग्लजचं लग्न आठवतंय. निघायच्या आधी तिनं गोळ्यांच्या बाटलीचं लेबल नखानं खरवडलं, खुळखुळ ऐकू येऊ नये म्हणून आत कापूस कोंबला. रात्री गोळीची वेळ झाली तर खोलीभर पाहुण्या बायका. ही पर्स धरून गप्प बसलेली. मी तांब्या घेऊन गेलो, "डोकं दुखतंय म्हणालीस ना, घे गोळी" म्हटलं. सगळ्यांदेखत घेतली.

ज्यांना माहीत आहे ते म्हणतात, "तू मोठ्या मनाचा, सोडलं नाहीस." डोकं फिरतं माझं. तिला शुगर असती तर असं म्हणाला असता का तुम्ही? मी करतो काय? नऊ वाजता आठवण. ॲसिडिटीचं औषध त्या गोळीबरोबर पडू नये एवढं बघणं. सकाळी रंकाळ्यावर फिरणं, खोकला रेंगाळला की टीबीची तपासणी. एवढंच की. तिला बाटलीत कापूस कोंबायला लावता तुम्ही लोक, आणि गोळी चुकली की हलगर्जी म्हणता.

आता झोपलीय. पेनकिलरवर.

कुणाच्या घरात नुकतं कळलं असेल तर मला इनबॉक्स करा. कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, एआरटीच्या (एचआयव्हीच्या उपचाराच्या) गोळ्या मोफत मिळतात. पहिल्यांदा जायचा धीर होत नसेल तर मी सोबत येतो, नाव विचारणार नाही.