म्हणे मेंदू सडतो!

सुध्याने ग्रुपवर टाकलेला तो पॉर्नवरचा व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिला होता, त्यामुळे कट्ट्यावर टेकायच्या आधीच वाजलं.

"मेंदू सडतो! शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय!" सुध्या गरजला. आठवडाभर पहाटे उठला की हा माणूस जगाला शिस्त लावायला निघतो.

"२०१४ चा तो स्कॅनचा अभ्यास ना?" अमृता म्हणाली. "६४ पुरुष होते त्यात. जास्त बघणाऱ्यांच्या मेंदूचा एक भाग थोडा लहान दिसला. बघून लहान झाला, की मुळात तसा असणारेच जास्त बघतात, हे त्यावरून ठरत नाही. सडण्याचं कुठून काढलंस?"

"म्हणजे बघायला हरकत नाही!" पक्या खूश.

"तुला परवानगी कोण देतंय? जागरणं करून दिवसभर जांभया देतोस, ते आधी बघ."

नंदू इतका वेळ मांडीवर फोन पालथा घालून बसला होता. नजर न उचलता म्हणाला, "मला बंद करायचं असतं रे. होत नाही. काल बायको शेजारी रडत होती, आणि मी ती झोपायची वाट बघत होतो."

यावर सुध्याने काय म्हणावं? "थंड पाण्याने आंघोळ कर. नव्वद दिवस!"

"गप रे!" अमृता भडकलीच. मग नंदूकडे वळली. "जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणं हा विकार म्हणून आहे. व्यसनांत नाही, आवेग न आवरण्याच्या विकारांत. महिनोन्‌महिने ताबा नसणं, कामाचं, नात्याचं नुकसान दिसूनही न थांबणं, ही त्याची लक्षणं. नुसतं 'मी पाप करतोय' म्हणून वाईट वाटणं पुरेसं नाही, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय. बघणं पाप मानणारे कमी बघत असले, तरी स्वतःला व्यसनी समजतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पापाची भीती घालून भलं होत नाही, सुध्या. माणूस आणखी लपवतो. नंदू, तू फोन नेमका कधी उघडतोस?"

"साहेबाने झापलं की. झोप लागली नाही की."

"मग तिथूनच सुरुवात करायची. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ. मी येते सोबत."

मला अमृताचं शंभर टक्के पटलं. एवढं बोलायला नंदूला किती बळ लागलं असेल, आणि हा त्याला आंघोळ सांगतो!

"मी पण येतो," पक्या म्हणाला. "पण सुध्या, एवढा शुद्ध माणूस तू, तुझ्या फोनला तीन-तीन कुलपं कशाला?"

"ऑफिसचा डेटा आहे!"

"रविवारी रात्री दोनला?"

नंदूसकट सगळे फुटले. सुध्या लालबुंद होऊन पक्याने नेलेलं, परत न केलेल्या हेल्मेटचा विषय काढून बसला, आणि पुढचा अर्धा तास त्या हेल्मेटवरच गेला.